तोमासाच्या चुलीवरची फळी

“चमक बघू नका, पावनं. चमक मीच लावती. ती काय काय झाकती ते मला इचारा.”

उरुआपानहून आलेला बस ड्रायव्हर हातातली गिटार उलटीपालटी करत दारात उभा होता. नोकरी सरत आली आणि माणसाला गिटार शिकायची हुक्की आली. तोमासा, जिला आम्ही सगळे मानानं दोन्या तोमासा म्हणतो, उंबऱ्याशी स्टुलावर बसली होती. बोलतानाही हातातला चिंधीचा बोळा काही थांबत नव्हता.

“मंग बघू तरी काय?” ड्रायव्हर म्हणाला.

“बसा आधी. मांडीवं घ्या. पोट मधी येतंय? येतंय. मंग ही न्हाई, जरा बारक्या अंगाची बघा. पोट काय तुमी घरी ठिऊन वाजवनार न्हाई.”

गल्लीतली माणसं हसली, ड्रायव्हरही हसला. मग तिनं त्याला दुसरी गिटार घ्यायला लावली. बंदुकीच्या नळीतून बघावं तसं एक डोळा मिटून दांडी वरपासून खालपर्यंत बघायला लावली, वाकलीय का म्हणून. प्रत्येक पितळी पट्टीवर तार दाबून ऐकायला लावलं, खरखर येते का म्हणून. दांडीपासून तार किती उंच आहे ते तर तिनं स्वतःच्या नखानं मोजलं. एवढं सगळं झाल्यावर ती म्हणाली ते आम्ही आजवर शंभरदा ऐकलेलं.

“नवशिक्याला वाईट गिटार दिली न्हवं, तर त्यो गिटारीला शिव्या देत न्हाई. त्यो म्हनतो माजीच बोटं वाईट. आन् देतो टांगून खुंटीला. मुरलेल्याला कसली बी द्या, त्यो तिला वळवून घेतो. चांगली पायजे ती नवशिक्याला.”

आमच्या पाराचो गावात कुणी दांड्या तासतं, कुणी कडा वाकवतं, कुणी तारा ज्यावर टेकतात त्या नुसत्या घोड्या करतं. मी घोड्या करतो. तोमासाकडे गिटारी येतात त्या सगळं झाल्यावर, पिसं काढलेल्या कोंबडीसारख्या उघड्या, पांढुरक्या. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख आणि तेलाचा एक थेंब, एवढ्यावर ती त्यांच्या अंगावर कातडी चढवते. कुठल्या एका कारखान्याची ती नाही. सगळ्यांचं काम करते, म्हणून कुणाची गिटार आतून कशी आहे हे तिला ठाऊक, आणि कुणाची विकली जावी यात तिचं काही अडलेलं नाही. रविवारी बसनं माणसं येतात ती दुकानांच्या आधी तिच्या दारात येतात. ती शाल आवळते, त्यांच्यासोबत दुकानं फिरते, आणि “ही घ्या” म्हणते. कुणी पावाची पिशवी ठेवून जातं, कुणी साखर. ठेवलं नाही तरी तिचं काही म्हणणं नसतं.

एवढ्या गिटारी या बाईच्या मांडीवरून गेल्या, पण तिनं तार कधी छेडली नव्हती. आमच्यात बायका घासतात, पुरुष वाजवतात. असा काही कायदा नाही, पण आहे. तिचा नवरा सेफेरिनो लाकूडतोड्या होता. लग्नात, बारशात उसन्या गिटारीवर वाजवायचा आणि पिऊन झालं की तिथंच विसरून यायचा. ती आणायला तोमासा जायची.

या सेफेरिनोनं डोंगरातल्या एका जुन्या, सरळ धाग्याच्या झाडाची एक फळी चिरून आणली होती. जाडीच्या मधून उभी चिरली की पुस्तकासारखी उघडेल अशी. तिच्या धाग्यात मांजरानं नखं ओढल्यासारख्या चमकत्या रेघा होत्या. चुलीवरच्या आढ्याला दोन दोऱ्यांनी त्यानं ती आडवी टांगली आणि बायकोला सांगितलं, ही तुझी, हिला हात लावायचा नाही. घरात वाईट दिवस आले तेव्हा त्यानं इतर लाकूड विकलं, खेचर विकलं, पण ती फळी वरच राहिली. खालच्या चुलीवर भाकऱ्या भाजल्या, मक्याची लापशी शिजली, एल्विरा नावाची मुलगी जन्मली आणि मोठी झाली, आणि सगळा धूर त्या फळीनं प्याला. सेफेरिनो गेला. पुढं डॉक्टरनं तोमासाच्या छातीला कान लावला आणि चूल बंद करायला लावली. गॅस आला. फळी मात्र तिथंच होती.

मग एका ईस्टरच्या सुमाराला तोमासानं ठरवलं की आपण शिकायचं. कुणी विचारलं तर म्हणायची, “दुसऱ्याच्या बायकांना नटवून नटवून म्हातारी झाले. आता एक माजी पायजे.”

गिटार करायला तिनं फळी दिली ती आबुंदिओला. द्यायला दुसरा माणूस तिच्या डोक्यात आलाही नसेल. आबुंदिओचं मोठ्या रस्त्यावर दुकान, मागं कारखाना, आणि हात खरोखर चांगला. शिवाय तो एल्विराचा धर्मबाप. चर्चमध्ये बाप्तिस्म्याला पोरीला हातात धरलं की तिच्या आईबापांशी जे नातं जुळतं ते आमच्यात सख्ख्या भावाच्याही वरचं. तेव्हापासून तो तिला कोमाद्रे म्हणायचा आणि ती त्याला कोंपाद्रे. लहानपणी एकाच पाणवठ्यावर एकमेकांच्या झिंज्या उपटलेली ही दोघं, पण त्या दिवसापासून एकमेकांना अहोजाहो करायला लागली. नातं तसलं आहे. भावांची भांडणं होतात, नवराबायको वेगळी होतात, पण कोंपाद्रे हा शब्द मरेपर्यंत परत घेता येत नाही.

आबुंदिओ आला, स्टुलावर चढला, दोऱ्या सोडून फळी खाली घेतली. बोटाच्या पेरानं ठोकली. ती घंटेसारखी वाजली. त्यानं ती पुन्हा ठोकली. मग म्हणाला, “कोमाद्रे, असली फळी मी पयल्यांदा बगतोय.” तोमासाला ते ऐकून नवऱ्याचं कौतुक झाल्यासारखं वाटलं. तिनं त्याला मक्याच्या पानात उकडलेले कोरुंडे खाऊ घातले आणि फळी शालीत गुंडाळून दिली.

पावसाळ्याच्या तोंडाशी तो गिटार घेऊन आला. आम्ही सगळेच बघायला गेलो. गिटार लालसर, आरशासारखी, तयार. तोमासा म्हणाली, “आँ? घासून बी आनली?” आबुंदिओ म्हणाला, तुमच्या गिटारीला तरी तुम्ही कशाला राबायचं कोमाद्रे, म्हणून मी यंत्राचा फवारा मारून घेतला. जाड रंगाचा फवारा होता तो, खालच्या लाकडाचा धागा सुद्धा नीट दिसेना. आयुष्यभर हातानं लाख चढवणाऱ्या बाईला फवाऱ्याची गिटार! तिला जरा लागलं असणार. पण माणसानं मायेनं केलंय म्हणून ती हसली आणि गिटार छातीशी धरली.

दांडीवरून तिनं नजर टाकली नाही. तार नखानं मोजली नाही. कोंपाद्रेनं हातात दिलेली वस्तू त्याच्या समोर तपासायची म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणण्यासारखं. आणि तो गेल्यावर तपासायची म्हणजे पाठीमागं म्हणणं. आमच्यातलं कुणीच तसं करणार नाही. अख्ख्या मुलखाला गिटारी निवडून देणाऱ्या बाईनं स्वतःची तेवढी निवडली नाही.

दुपारची जेवणं झाली की ती स्वयंपाकघरात बसायची. नवऱ्याची बोटं कुठं पडायची ते तिनं बघून बघून पाठ केलेलं, त्यावरून तीन पकडी जमवल्या. जमवल्या म्हणजे बोटं तिथं ठेवली. आवाज यायचा तो दात खाल्ल्यासारखा. तार दाबायची तर अंगठ्यानं मागून सगळा जीव लावायला लागायचा. डाव्या हाताची टोकं चिरली, त्यात स्पिरिट लागलं की ती कळवळायची. मी भिंतीपलीकडून ऐकायचो. एकदा म्हटलं, दोन्या तोमासा, बघू जरा घोडी उंच झालीय का. तर म्हणाली, “गिटारीला काय झालं न्हाई. कोंपाद्रेनं केलीया. माजी बोटंच दगड झाली लाख घासून घासून.”

एल्विरा तेव्हा कोपऱ्यात दुसऱ्या गिटारीवर लाख घासत होती. तिनं हे सगळं ऐकलं.

पहिल्या पावसाचे दिवस गेले आणि तोमासानं गिटार खुंटीला टांगली, तोंड भिंतीकडं करून. जत्रा जवळ आलेली. ऑगस्टात आमच्याकडं गिटारींची जत्रा भरते, कारागिरांची स्पर्धा असते, घराघरात घाई. एल्विरा रोज आबुंदिओच्या कारखान्यात जायला लागली. धर्मबापाकडं कामाची गर्दी आहे, म्हणाली. आईनं विचारलंही नाही काय काम म्हणून.

एका दुपारी दोघी जेवायला बसल्या. एल्विरानं कोरुंड्यावरचं मक्याचं पान सोलून आईपुढं सरकवलं आणि तिचा हात तोमासाच्या नाकाखालून गेला.

तोमासानं तो हात धरला. हुंगला. मग पोरीचं डोकं जवळ ओढून केस हुंगले, खांद्यावरची शाल हुंगली. केसांना वास नव्हता, शालीला नव्हता. चुलीपाशी बसलेल्या माणसाच्या आधी केसांना धूर लागतो. इथं धूर होता तो फक्त हाताच्या रेघांत, लाख आणि स्पिरिटसोबत मुरलेला. जुनं धुरकट लाकूड स्पिरिटनं घासलं की त्याच्या पोटातला धूर वर येतो, हे घासणाऱ्यालाच ठाऊक. आणि त्या धुरात करपलेल्या मक्याचा आणि देवदाराच्या ढलपीचा जो वास होता तो तिच्या स्वतःच्या विझलेल्या चुलीचा होता.

एल्विरानं हात सोडवून घेतला नाही. तोमासानंच सोडला. ती उठली, खुंटीवरची गिटार काढली, दारातल्या उजेडात आली आणि एक डोळा मिटून दांडी बघितली. दांडी पुढं वाकलेली. नख तारेखाली घातलं, अख्खं पेर मावलं. भोकाच्या आतल्या कडेवर, जिथं फवारा पोचला नव्हता, तिथं ओला अंगठा घासला. आतली फळी जाड्याभरड्या धाग्याची, ढिगातली. हुंगली तर नुसता डिंक.

शाल घेऊन ती निघाली. मागून एल्विरा. मला घोड्यांची पिशवी आबुंदिओकडं द्यायचीच होती, ती घेऊन मीही त्यांच्या मागं गेलो. खोटं कशाला सांगू, पिशवी उद्याही चालली असती.

आबुंदिओच्या कारखान्यात खिडकीशी, फ्लॅनेलच्या तुकड्यावर ती गिटार होती. शेवटचा हात फिरवायच्या आधी तारा चढवून आवाज ऐकतात तशा तारा चढवलेल्या. मधाच्या रंगाची. मधल्या सांध्याच्या दोन्ही अंगाला मांजराच्या नखांच्या रेघा, आरशात धरल्यासारख्या जोडीजोडीनं. आबुंदिओ उठून उभा राहिला. टोपी काढली, पुन्हा घातली.

तोमासानं गिटार उचलली. भोकावर नाक नेलं आणि क्षणभर तशीच वाकून राहिली. मग बाक ओढून बसली, मांडीवर घेतली आणि तिला येत होत्या त्या तीन पकडी धरल्या. एकामागून एक. बोटं तीच होती, चिरलेली. पण तारा अलगद दबल्या आणि तिन्ही सूर सरळ, स्वच्छ निघाले. खरखर नाही, काही नाही. पुन्हा तिनं ते तीन सूर काढले. कारखान्यातल्या कारागिरांनी हत्यारं थांबवली.

“कोमाद्रे, रागवू नका,” आबुंदिओ म्हणाला. “असलं लाकूड जल्मात एकदा हाताला लागतंय. मी म्हटलं, निदान येकदा तरी माज्या नावाची गिटार सगळ्यांच्या फुडं जाऊ दे. तुमाला वाजवायला कायतरी पायजे हुतं, ते मी दिलंच की. जत्रा होऊ द्या, हिच्यापरीस भारी करून देतो.”

“आन् ही?”

आबुंदिओ खिडकीबाहेर बघायला लागला. मग कळलं की ग्वादालाहाराच्या कुणा वकिलानं ती आधीच सांगून ठेवली होती. जत्रेनंतर न्यायची, एवढंच बाकी होतं.

 तोमासानं मान वळवून पोरीकडं बघितलं. “तुला ठावं हुतं?”

“पयल्या हातालाच,” एल्विरा म्हणाली. “स्पिरिट लावलं आन् वास आला. त्या वासाखाली वाढलीय मी, मला कळनार न्हाई व्हय.”

“मंग?”

“मंग काय, आये. धर्मबाप म्हनले, जत्रंत सांगनार, ही एल्विरानं घासलीय म्हून. मी घासलेल्या समद्या गिटारी लोक तुज्याच समजत्यात. तुज्या हाताखाली मी जल्मभर तोमासाची पोर.” तिचा आवाज चढत नव्हता, ती खालीच बघत होती. “आन् तू काय, तीन सूर वाजवनार आन् टांगून ठिवनार. तुला काय फरक पडला आसता?”

तोमासानं डावा हात पोरीपुढं धरला, टोकं वर करून. चिरांत काळी लाख बसलेली.

“ह्यो पडला,” ती म्हणाली. “दीड म्हयना मी ह्येंना शिव्या घातल्या.”

गिटार तिनं फ्लॅनेलवर होती तशी ठेवली, घासलेल्या अंगाला ठसा लागणार नाही अशी कडेनं धरून. आणि निघाली. वाटेत मला म्हणाली, ती घरातली भंगार गिटार आणून देते, काय करता येतंय बघ. मी तिच्या दांडीच्या टोकाला तारा टेकतात ते हाड कानशीनं खाली घेतलं, घोडी बदलली, दांडीवर शेक देऊन दाब ठेवला. बरी झाली. चांगली झाली असं मी म्हणणार नाही.

जत्रेत आबुंदिओला दुसरं बक्षीस मिळालं. भोंग्यावरून त्याचं नाव आलं, पाठोपाठ एल्विराचं. वकील गिटार घेऊन गेला. तो वाजवतो का भिंतीला लावतो कुणाला माहीत.

त्याच दिवशी सामोरा गावचा एक माणूस नऊदहा वर्षांच्या पोरीला घेऊन तोमासाच्या दारात आला. पोरीला पहिली गिटार घ्यायची होती. तोमासा शाल आवळून निघाली. इतकी वर्षं ती माणसांना घेऊन आधी आबुंदिओच्या दुकानात जायची. नात्यासाठी नाही, माल खरंच चांगला म्हणून. आबुंदिओ दारातच होता, बक्षिसाची फीत दाराला लावलेली, दोन्ही बाजूंनी गर्दी. त्यानं तिला बघितलं आणि पायरी उतरून पुढं आला.

“या कोमाद्रे, या. लेकरासाठी बारक्या मापाची हाय आत. तुमी दावाल ती देतो, बोलायचं काम न्हाई.”

तोमासा थांबली. गर्दीही जरा थांबली, कारण ही गोष्ट तोवर गावभर झालेली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बसमध्ये अनोळखी माणसाकडं बघावं तसं तिनं त्याच्याकडं बघितलं.

“जरा वाट सोडा, सेन्योर,” ती म्हणाली.

आबुंदिओचा हात टोपीकडं गेला आणि मधेच राहिला. शेजारच्या दुकानातला म्हातारा क्रूसाची खूण करताना मी पाहिला. सेन्योर. टपालवाल्याला म्हणतात, तिकीट फाडणाऱ्याला म्हणतात. आबुंदिओ बाजूला झाला. दुसरं त्यानं काय करायचं होतं. तोमासा पोरीचं मनगट धरून पुढं गेली, चार दुकानं सोडून एका साध्या कारागिराकडं शिरली. तिथं तिनं पोरीला बसवलं, मांडीवर बारकी गिटार दिली, दांडी डोळा मिटून बघितली, नख तारेखाली घातलं. मग ती बापाला मागं सारून एकटी परत एकदा सगळ्या पट्ट्यांवरून गेली. आधी एवढं करत नसे. “ही घ्या,” म्हणाली.

घरी आली तेव्हा एल्विरा बाकावर कामाला बसलेली होती. एल्विराला आता तिच्या नावानं गिटारी येतात. दोघी एकाच बाकावर बसतात, एकाच ताटात जेवतात, भाजीत मीठ कमी पडलं तर तेही बोलतात. फक्त पूर्वी लाखेची बाटली एक होती, दोघींचे बोळे तिच्यात बुडायचे. आता बाकावर दोन बाटल्या आहेत. दुसरी तोमासानं जत्रेच्या आधीच आणली, आणि कशाला आणली हे एल्विरानं विचारलं नाही.

त्या संध्याकाळी तोमासानं शाल खुंटीवर टाकली. खुंटीशेजारी मी दुरुस्त केलेली गिटार होती, आता तोंड खोलीकडं. दुपारी ती कधीमधी काढते. चौथी पकड अजून लागत नाही.

बाकावरच्या ओळीत पहिली उघडी गिटार होती ती आबुंदिओच्या कारखान्यातली, जत्रेच्या आधीपासून पडलेली. तोमासानं ती कडेनं उचलली, एल्विराच्या बाटलीशेजारी ठेवली आणि आपल्यासाठी पुढची ओढली. बोळा स्पिरिटमध्ये भिजवला, तळहातावर आपटून जास्तीचं काढलं, तेलाचा थेंब घेतला, आणि पाठीच्या वरच्या कोपऱ्यापासून गोल गोल हात फिरवायला लागली.